अनुभव धागा : सही आपली, आतलं कुणाला ठाऊक?

लाल-निळा

गेल्या महिन्यात एका ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर सही करायची होती. साधाच ब्रॅकेट, फ्रेमला वेल्ड केलेली पट्टी आणि तिच्या टोकाला मोटर. ॲनालिसिस टीममधल्या नव्या मुलाने केलेलं, रिपोर्ट चकाचक, चौदा पानं, मधे ते रंगीत चित्र, सगळीकडे निळं, मुळाशी जरासं हिरवं, जास्तीत जास्त ताण ५० मेगापास्कल, खाली मोठ्या अक्षरात पास. पेन उघडलं आणि उगाचच विचारलं, मेश किती बारीक घेतलास रे? (सॉफ्टवेअर वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून हिशोब करतं, त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश.) म्हणाला, ऑटो. जाडीत किती एलिमेंट आले? त्याला माहीत नव्हतं. उघडून बघितलं तर एक. जाडीत एकच, आणि तोही साधा चार कोपऱ्यांचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय, तो एलिमेंट वाकायची वेळ आली की ताठ होऊन बसतो आणि ताण आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. मग कागद ओढला, पट्टी एका बाजूने धरलेली समजून हाताने हिशोब केला, पाच मिनिटं लागली असतील, उत्तर आलं ९४. म्हणजे लगेच तुटून पडेल असं नाही, पण मोटर दिवसभर मागेपुढे थरथरणार आणि मुळाशी वेल्ड, तिथे ५० आणि ९४ मधला फरक म्हणजे काही वर्षं चालणं आणि काही महिन्यांत तडा जाणं एवढा असू शकतो.

मुलाची चूक नाही म्हणणार मी. त्याला कुणी कागद ओढायला शिकवलंच नाही. आणि ही चूक काही आजची नाही, २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्लाइपनर ए नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा अवाढव्य काँक्रीट पाया फ्योर्डमध्ये चाचणीसाठी खाली नेताना फुटला आणि बुडाला. कारण काय, तर पोकळ खांब एकमेकांना जिथे भिडतात त्या भिंतींपाशी मेश भरड होतं आणि सॉफ्टवेअरने कातर ताण (कापू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी दाखवला होता. नंतर कुणीतरी नीट हिशोब केला तर ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे हिशोब होऊ शकत होता. केला गेला नाही इतकंच.

तर हा धागा त्यासाठी. सही आपली, जबाबदारी आपली, रात्री फोन आपल्याला, पण आत नक्की काय चाललंय ते कळायची सोय हळूहळू काढून घेतली गेलीय, असं तुमच्याकडे कुठे झालं? शाखा कुठलीही चालेल. कंपनीचं नाव नको. टेक्नॉलॉजीच्या नावाने सरसकट बोटं मोडणं पण नको, एखादा प्रसंग सांगा, बारकाव्यासकट.


रात्री २:४०

मी सॉफ्टवेअरमधला, दर चौथ्या आठवड्याला ऑन-कॉल असतो, म्हणजे काही बिघडलं की रात्री-अपरात्री फोन मला. नाव का घेतलंय ते कळेलच.

आमच्याकडे वर्षभरापासून एआय असिस्टंट सगळ्यांना सक्तीचा आहे, किती वापरला त्याचा डॅशबोर्ड आहे आणि तो डॅशबोर्ड अप्रेझलला उघडतात. परिणाम असा झाला की कोड लिहिणं सोपं झालं आणि वाचणं आहे तेवढंच अवघड राहिलं. पूर्वी सहकारी दीडशे ओळी पाठवायचा, त्याला विचारलं की इथे असं का, तर तो सांगायचा. आता हजार ओळी येतात, स्वच्छ, कॉमेंट्ससकट, टेस्टसकट, आणि विचारलं इथे असं का, तर तो म्हणतो थांब, विचारून सांगतो. कुणाला विचारणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या दिवशी पावणेसहाला मी असाच एक मोठा बदल ॲप्रूव्ह केला. एका सर्व्हिसकडून उत्तर आलं नाही तर परत विचारायचं, एकूण तीन वेळा, मधे थोडं थांबून. काय वावगं आहे त्यात? काही नाही. फक्त त्याच्या वरच्या थरातही तीन प्रयत्न आधीपासून होते आणि त्याच्या वरच्या गेटवेमध्येही तीन. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. रात्री डेटाबेस जरासा मंद झाला, कुठल्या तरी बॅकअपमुळे, आणि एका विनंतीच्या सत्तावीस व्हायला लागल्या, मंद झालेला डेटाबेस आडवाच झाला. दोन चाळीसला फोन. मी ते अडीच तास लॉग वाचतोय, आणि खरं सांगतो, मीच ॲप्रूव्ह केलेला कोड मी पहिल्यांदा नीट वाचत होतो. टेस्ट सगळ्या पास होत्या, कारण टेस्टही त्याच असिस्टंटने लिहिलेल्या आणि त्यात वरचे दोन थर खोटे-खोटे उभे केलेले.

रिपोर्टमध्ये ॲप्रूव्हर म्हणून माझं नाव आहे. असिस्टंटचं नाव लिहायला रकानाच नाही.

जाता जाता, २०२५ मध्ये मेटर नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्सवर प्रयोग केला, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली. एआय वापरायला परवानगी होती त्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मला त्यातली गंमत पुढची वाटते, काम संपल्यावरही त्या लोकांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. मॅनेजरला पाठवलं. म्हणाले, ती टूल्स आता जुनी झाली. असतीलही.


तिसरी पाळी

कंट्रोल रूमचा माणूस. इन्स्ट्रुमेंटेशन. आधी ऑपरेटरच्या बाजूने बोलतो मग माझ्या.

पूर्वीच्या पॅनेलवर एक अलार्म वाढवायचा म्हणजे फील्डमधून वायर ओढा, पॅनेलला भोक पाडा, दिवा बसवा, वर पाटी कोरून घ्या. खर्च होता, म्हणून विचार होता. आता डीसीएसमध्ये (प्लांट चालवणारी संगणक यंत्रणा) एका चौकोनात टिक केली की अलार्म. हाय, हाय-हाय, लो, लो-लो, बदलाचा वेग जास्त, सिग्नल खराब, एकेका ट्रान्समीटरला (मोजमाप पाठवणारं उपकरण) सहा-सहा. प्रोजेक्टवाले सगळ्यावर टिक मारून जातात, कारण उद्या काही झालं तर "अलार्म दिलेला होता" म्हणायला मोकळे.

आमच्याकडे एकदा कूलिंग वॉटरचा पंप ट्रिप झाला. एकच पंप. त्याच्यामागोमाग तापमानं वाढली, कॉम्प्रेसरने मान टाकली, आणि स्क्रीन लाल पट्ट्यांनी वरून खाली धो धो वाहायला लागली. ऑपरेटर काय करत होता सांगतो, त्याचं बोट ॲक्नॉलेजच्या बटणावर होतं आणि तो नुसता दाबत होता, टक टक टक टक, आवाज बंद व्हावा म्हणून. त्या बटणावरचं अक्षर पुसून गेलंय, बाकीचा कीबोर्ड नवाकोरा आहे. ड्रमची लेव्हल वर चाललीय हा एकच कामाचा अलार्म तिसऱ्या पानावर गेला होता. फील्डमधल्या माणसाने गेज ग्लास बघून वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. काचेच्या नळीने वाचवलं, लोकहो.

२४ जुलै १९९४ ला वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याच्या आधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. आणि एक वाल्व्ह स्क्रीनवर उघडा दिसत होता तो जागेवर बंद होता. आमच्या धंद्यातलं ईईएमयूए १९१ हे मार्गदर्शक म्हणतं की सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म असावा. आमच्याकडचा आकडा मी इथे लिहीत नाही.

आता माझी बाजू. मला अलार्म कमी करायचं काम दिलं. प्रत्येक अलार्म घ्या, विचारा की हा वाजल्यावर ऑपरेटरने नक्की काय करायचं, उत्तर नसेल तर काढा. आठ महिने बैठका. प्रत्येक वेळी सगळे मान डोलावतात आणि सहीच्या वेळी कागद पुढे सरकवतात. अलार्म वाढवायला कुणाची सही लागत नाही, काढायला पाच जणांची लागते. लाल-निळा म्हणतात तसं सही आपली हे खरंच, पण आमच्याकडे उलटा प्रकार आहे, सही करायला कुणी पुढेच येत नाही.


गुडघा दुखतोय

आमच्याकडे असं काही नाही, मला माझी सिस्टिम पूर्ण समजते.

(मागच्या सोमवारी जॉइन झालोय.)


थंड सोल्डर

हार्डवेअर. २०२१ सालचा चिपचा दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय सांगू. साध्या मायक्रोकंट्रोलरला बावन्न आठवडे थांबा म्हणायचे. खरेदी विभाग कुठल्या कुठल्या दलालांकडून माल आणायचा आणि मी कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून चिपच्या पाठीवर घासत बसायचो, काळा रंग बोळ्याला आला की समजायचं जुनं नाव खरवडून वर नवं छापलंय. हे मी चार वर्षं शिकून डिग्री घेऊन करत होतो.

पण मला सांगायचाय तो नकली मालाचा किस्सा नाही, अस्सल मालाचा आहे. आमच्या खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी पार्ट आपोआप सुचवायची सोय आली. पाय तेच, व्होल्टेज तेच, करंट तोच, पॅकेज तेच, की हिरवी खूण. एका व्होल्टेज रेग्युलेटरच्या जागी असाच एक पर्याय हिरव्या खुणेने आत आला आणि माझ्या ड्रॉइंगच्या पार्ट लिस्टमध्ये जाऊन बसला. बोर्ड बनले, टेस्ट पास, गेले. दोन महिन्यांनी तक्रारी, काही बोर्ड मधेच रीसेट होतात. सगळे फर्मवेअरवाल्या पोरीच्या मागे लागले, तिने बिचारीने तीन आठवडे कोड चाळला, रात्री जागली. शेवटी मी ऑसिलोस्कोप लावला, प्रोबची जमिनीची वायर काढून छोटी स्प्रिंग लावली (लांब वायरने काही दिसत नाही, हे पण कुणी शिकवत नाही), आणि सरळ रेषेच्या जागी ३.३ व्होल्ट मस्तपैकी झुलत होते.

नवा रेग्युलेटर जुन्या घडणीचा होता, त्याला बाहेरच्या कपॅसिटरमध्ये थोडा अंगचा रेझिस्टन्स लागतो, नाहीतर तो डोलायला लागतो. आमचे कपॅसिटर सिरॅमिक, त्यांचा अंगचा रेझिस्टन्स जवळपास शून्य. डेटाशीटमध्ये लिहिलं होतं. चौदाव्या पानावर, आलेखाखाली, बारीक अक्षरात. सॉफ्टवेअर पहिल्या पानावरचा तक्ता वाचतं.

त्या पोरीची माफी कुणी मागितली नाही. मी मागितली, पण मी कोण.


अठ्ठेचाळीस आकडे

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सिस्टिम ॲडमिन लोकांना तारीख पुरे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट जगभर एकाच वेळी गेला आणि विंडोजच्या मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. कंपनीने तो अपडेट सव्वा तासाच्या आसपास मागे घेतला होता, पण जी मशीन चालूच होत नाही तिला "मागे घेतला" हे कळणार कसं? म्हणजे प्रत्येक मशीनपाशी माणूस. सेफ मोडमध्ये जा, एक फाईल उडव, परत चालू कर. एका मशीनला पाच-दहा मिनिटं. ऐकायला सोपं. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, त्यामुळे आधी रिकव्हरी की मागते, अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट. आणि त्या की ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या तो सर्व्हर निळा!

तो सर्व्हर उठवला एकदाचा आणि मग सुरू झालं वाचन. घरून काम करणाऱ्या लोकांना फोनवर. "चार सात एक, शून्य आठ आठ." "हं." "दोन दोन नऊ..." "सर, शेवटचा पाच होता का नऊ?" परत पहिल्यापासून. एका अकाउंट्सच्या ताईंनी तीनदा लिहून घेतलं, तिसऱ्यांदा जमलं तेव्हा त्या रडल्या आणि मी पण जवळजवळ. रविवारी संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला होता. तंत्रज्ञानाच्या सगळ्यात प्रगत वर्षी माझं काम काय तर पाढे म्हणून दाखवणं.

हे सॉफ्टवेअर घेऊ नका असं मी म्हटलं नव्हतं, चांगलंच होतं ते. मी इतकंच विचारलं होतं की अपडेट आधी आपल्या वीस मशीनवर घेऊन मग सगळीकडे सोडता येईल का. उत्तर आलं होतं की बाकीच्याचं तसं करता येतं, पण या प्रकारच्या अपडेटला ती सोय नाही, तो थेटच येतो. म्हणजे माझ्या सर्व्हरच्या अगदी गाभ्यात चालणारी वस्तू कधी बदलते हे मला माहीत नसणं हीच रचना होती. आणि घटनेनंतरच्या बैठकीत पहिला प्रश्न मला, तुमचा प्लॅन काय होता?


सुटा नट

स्ट्रक्चरल. थ्रीडी मॉडेल सगळ्यांचं एकच, आर्किटेक्ट, आम्ही, एसीवाले, प्लंबिंगवाले. चांगली गोष्ट आहे, आधी साइटवर मारामाऱ्या व्हायच्या त्या आता स्क्रीनवर होतात.

झालं असं की एक डक्ट आमच्या बीमला अडत होती, समन्वयाच्या मीटिंगमध्ये (मी नव्हतो, एकाच वेळी तीन मीटिंग) कुणीतरी बीममधलं भोक सरकवलं. मॉडेल बदललं, ड्रॉइंग आपोआप बदललं, आणि माझी मंजुरीची हिरवी खूण मात्र होती तशीच नव्या ड्रॉइंगवर चिकटून राहिली. मी ज्या कागदाला हो म्हटलं तो कागदच राहिला नव्हता. साइटला वेगळ्याच कामाला गेलेलो, शटरिंगमध्ये ठेवलेला पाइपचा तुकडा दिसला, खांबाच्या अगदी जवळ. बीममध्ये भोक मधे ठेवलं तर एक वेळ चालून जातं, खांबाजवळ कातर जोर सगळ्यात जास्त असतो, तिथे भोक म्हणजे... असो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट होणार होतं.

आमच्या लोकांना १७ जुलै १९८१ ही तारीख पाठ असते, निदान असावी. कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात अधांतरी टांगलेले पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये दोन्ही पूल एकाच लांब रॉडवर होते. बनवायला सोपं जावं म्हणून रॉडचे दोन तुकडे केले, वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. झालं, वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार. एका दोरीला दोन माणसं वेगवेगळी लोंबकळणं आणि दुसऱ्याने पहिल्याच्या पायाला लोंबकळणं, एवढाच फरक. त्या बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनियरचा मंजुरीचा शिक्का होता. तेव्हा निदान शिक्का हाताने तरी मारावा लागायचा.

आता मी दर शुक्रवारी मंजूर झालेली सगळी ड्रॉइंग परत उघडून माझ्याकडच्या जुन्या पीडीएफवर ठेवून बघतो. टाइमशीटमध्ये याला काय लिहायचं ते अजून कळलेलं नाही, "इतर" लिहितो.


टेस्टवाली

छोटं सांगते. आमच्याकडे टेस्ट फेल झाली की सिस्टिम आपोआप ती परत चालवते, एकूण तीनदापर्यंत, आणि त्यात एकदा जरी पास झाली तरी हिरवी. कारण दिलं जातं की टेस्टच लहरी आहे. कधीकधी असतेही. पण समजा खराच बग आहे जो दहात एकदा दिसतो. तो मला लाल दिसायला ओळीने तीनदा दिसायला हवा, म्हणजे हजारात एकदा. हे गणित मी फळ्यावर मांडलं. सगळ्यांना पटलं. तरी बदललं नाही, कारण हिरव्याची टक्केवारी वर जाते आणि वर कुणालातरी ती टक्केवारी दाखवायची असते. रिलीजवर सही माझी.

अजून एक हिरवं. माझ्या नावापुढचा तो ठिपका. मी वहीत विचार करते, पेनाने, बाण काढून. पंधरा मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा, आणि मेसेज, "आहेस ना?" आहे ना! विचार करतेय! आता डाव्या हाताने माउस हलवत उजव्या हाताने लिहिते.


जुना रिले

मी या वर्षाअखेरीस निवृत्त होतोय, म्हणून धीटपणे लिहितो.

आमच्या एका प्रेसचा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) प्रोग्रॅम मी बावीस वर्षांपूर्वी लिहिला. तेव्हाच्या पीएलसीत एक भानगड असायची, प्रोग्रॅम मशीनमध्ये जातो पण कॉमेंट्स आणि नावं जात नाहीत, ती तुमच्या लॅपटॉपवर राहतात. तो लॅपटॉप कधीच भंगारात गेला. मशीनमधून प्रोग्रॅम परत वाचला तर नुसते आकडे, इनपुट अमुक, टायमर तमुक. कशाचा टायमर? देव जाणे. म्हणजे देव आणि मी.

दोन वर्षांपूर्वी सायकल टाइम कमी करायची मोहीम निघाली. नवीन मुलगी, हुशार, डेटा काढला, आलेख काढले, म्हणाली सर इथे ४.७ सेकंद मशीन नुसती थांबलेली असते, काहीच करत नाही. टायमर दोन सेकंदांवर आणला तर शिफ्टला एवढे जॉब वाढतात. तिचं सगळं बरोबर होतं. मी त्या दिवशी रजेवर असतो तर झालं असतं. ते ४.७ सेकंद म्हणजे हायड्रॉलिकचं प्रेशर पूर्ण उतरायला लागणारा वेळ, ते उतरल्याशिवाय गार्ड उघडायचं नाही, कारण आत माणूस हात घालतो. तेव्हा प्रेशर स्विच मंजूर झाला नव्हता म्हणून मी टायमर टाकला होता, स्टॉपवॉच घेऊन पंधरा वेळा मोजून. तो पंधराचा कागद मी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. मधे कुणीतरी पॅनेल रंगवलं. कागदावरून.

आम्ही दोघांनी मिळून आता प्रेशर स्विच बसवून घेतला. पण असे टायमर किती असतील? निवृत्तीच्या आधी माझं "नॉलेज ट्रान्सफर" आहे, दोन आठवडे, कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं, चाळीस तासांचं रेकॉर्डिंग होईल. ते कोण बघणार आहे? म्हणे एआयला देणार, तो सारांश काढेल. काढो बापडा. मी कॅमेऱ्याला मशीनपाशी घेऊन जाणार आहे आणि ती मुलगी बरोबर हवी अशी अट घातलीय.


उलटी बाजू

सगळं वाचलं, पटलं, तरी थोडं विरोधात लिहितो. हाताने हिशोब करणारी माणसं काय चुकत नव्हती? १९९९ ला मंगळाजवळ पोचलेलं नासाचं क्लायमेट ऑर्बिटर यान गेलं ते एका बाजूचे आकडे पाउंडात आणि दुसरी बाजू न्यूटन समजून वाचतेय यामुळे, त्यात मेशही नाही आणि एआयही नाही. मला स्वतःला गेल्याच आठवड्यात त्या असिस्टंटने एक मेमरीची चूक दाखवली जी मी सहा वर्षं बघत होतो आणि बघत नव्हतो.

सगळंच्या सगळं एका माणसाला कळायला हवं ही अपेक्षा सोडूनच द्यावी, असं माझं मत. पण कुणाला तरी खटकायला हवं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला आपल्या मशीनवर एसएसएच (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! मी असतो तर नेटवर्क म्हणून सोडून दिलं असतं. तो खणत गेला आणि एक्सझेड या छोट्याशा कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी पेरलेलं चोरदार सापडलं, जे कित्येक लिनक्स सर्व्हरांवर पोचायच्या बेतात होतं. ती लायब्ररी तो स्वतः सांभाळत नव्हता, त्याचं काम वेगळंच होतं. त्याच्या मॅनेजरने त्या आठवड्यात त्याला "ठिपका पिवळा का" असं विचारलं नसावं अशी आशा करतो.


कच्चा लिंबू

सगळे सिनियर लोक लिहितायत म्हणून लिहू का नको करत होतो. मी लाल-निळा सरांच्या गोष्टीतला तो नवीन मुलगाच समजा, तोच नाही पण तसाच, दीड वर्ष झालं डिझाइनला लागून. मला कुणी शिकवत नाही असं नाही पण वेळ कुणालाच नाही, सिनियरला विचारलं तर म्हणतात टूलला विचार आणि टूल इतक्या खात्रीने सांगतं की आपल्यालाच वाटतं आपण मूर्ख. मागे एका बोल्टला किती टॉर्क द्यायचा ते विचारलं, तर आकडा दिला, स्टँडर्डचा नंबर दिला आणि वर तक्ता क्रमांक पण दिला. मी ते स्टँडर्ड उघडलं (लायब्ररीत होतं, कुणी हात लावत नाही) तर त्यात तो तक्ताच नाही, म्हणजे शेवटचा तक्ता त्याच्या बराच आधी संपतो. मी घाबरलो ते चूक सापडली म्हणून नाही, याच्या आधीचे दहा आकडे मी न उघडता वापरलेत म्हणून.

एक विचारायचं होतं, तो ब्रॅकेटचा हिशोब हाताने कसा केलात ते सांगाल का? कॉलेजमध्ये झालंय पण परीक्षेपुरतं.


लाल-निळा

लिंबू, ते आधीचे दहा आकडे उद्या पहिल्यांदा उघडून बघ, मग ब्रॅकेट.

भार ५०० न्यूटन, वेल्डपासून १२० मिलिमीटरवर. पट्टी ६० रुंद, ८ जाड, जाडी उभी. भार गुणिले अंतर म्हणजे वाकवणारा मोमेंट. पट्टीची ताकद म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले सहा. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, उत्तर मेगापास्कलमध्ये. कॅल्क्युलेटर चालेल, सॉफ्टवेअर नको.


कच्चा लिंबू

केलं सर. मोमेंट ६०,००० आला. पण ताण ७५० येतोय, तुमचा ९४ आहे. तीनदा केलं, ७५०च येतंय. एकक पण बघितलं, सगळं मिलिमीटरमध्येच आहे.


लाल-निळा

७५० भागिले ९४ किती?


कच्चा लिंबू

आठच्या आसपास.


लाल-निळा

आणि जाडी?


कच्चा लिंबू

आठ. ओह. वर्ग करायचा राहिला.